बंड्या चावला, आता पुढे काय?

कुत्रा चावला की दोन घरांची झोप उडते. ज्याला चावला त्याच्या घराची आणि ज्याचा चावला त्याच्या घराची. पहिल्या घराला निदान दवाखान्याचा रस्ता ठाऊक असतो. दुसऱ्या घरातली माणसं माझ्यासारख्या समुपदेशकाकडे येतात, तीही बहुतेक वेळा भलतंच निमित्त सांगून: झोप लागत नाही, छातीत धडधडतं, अन्न गोड लागत नाही. अर्ध्या तासाने मग कुत्र्याचा विषय निघतो. आणि तो निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "आमचा कुत्रा तसा नाही हो!"

गुहागर तालुक्यातल्या समुद्राकाठच्या एका वाडीतल्या काकी अशाच आल्या. (नावं आणि खुणा बदलल्या आहेत, लिहायला त्यांची हरकत नाही.) पंचावन्नच्या आसपास वय, नवरा वारलेला, मुलगा पुण्याला. घरात त्या, थकलेल्या सासूबाई आणि बंड्या. बंड्या गावठीच, तांबूस रंगाचा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मुलगा घरी होता तेव्हा त्याने पाखाडीवरून उचलून आणलेला. मांजरीने ताटलीत तोंड घातलं तर बाजूला होऊन उभा राहील असा. नाव तेवढं बंड्या.

झालं ते असं. दसरा तोंडावर आला होता, पाऊस ओसरला होता, म्हणून नारळ पाडून घ्यायचे ठरले. नेहमीचा पाडेली मुंबईला गेलेला, त्याने ओळखीतला दुसरा पाठवला. माड उतरून झाल्यावर तो पडवीत पाणी प्यायला टेकला. बंड्या तिथेच बांधलेला, पेंगत पडलेला. काकी आत चहा टाकत होत्या. ओरडणं ऐकून बाहेर येतात तर पाडेल्याचं मनगट रक्ताळलेलं आणि बंड्या भिंतीला चिकटून थरथरतोय. काकींनी घाईघाईत जखमेवर हळद दाबली, शेजारच्या पोराच्या रिक्षात त्याला बसवलं, हातात पाचशेची नोट कोंबली. तो सोमवार. माझ्याकडे आल्या शनिवारी.

मधल्या दिवसांत त्यांनी बेड्याला, म्हणजे अंगणाच्या फाटकाला, कुलूप घातलं होतं. देवळात जाणं बंद, फोन वाजला की हात थरथरायचा. रात्री रेबीज झालेल्या माणसांचे व्हिडिओ बघायच्या आणि पहाटेपर्यंत छताकडे बघत पडायच्या. सासूबाईंनी देवाला गाऱ्हाणं घालायला सांगितलं, तेही घालून झालं होतं. गाऱ्हाण्याला माझी कधीच हरकत नसते. चार माणसांत आपली चूक आणि आपली भीती मोठ्याने बोलायची ती एक जुनी सोय आहे. काकींनी मात्र ते एकटीनेच, हळू आवाजात घातलं होतं.

मी कागद पुढे केला आणि डोक्यात येतंय ते एकाखाली एक लिहायला सांगितलं. प्रत्येक ओळीनंतर मी फक्त "मग?" एवढंच विचारत होते. तो तक्रार करेल. मग? पोलीस येतील. मग? बंड्याला घेऊन जातील, मारून टाकतील. मग? सासूबाई हाय खातील. मग? मुलगा म्हणेल, आईला एक कुत्रा सांभाळता आला नाही. शेवटची ओळ त्यांनी लिहिली आणि लगेच हाताने झाकली: बंड्याची लस दोन महिने लांबली होती.

कागद भरला, पण ज्याला चावला तो माणूस त्यात पहिल्या ओळीपुरताच होता. मी विचारलं, "त्याचा हात कसा आहे? इंजेक्शनं चालू झाली का?"

काकी गप्प. "विचारायची हिंमतच झाली नाही."

समुपदेशकाने आधी माणसाचं मन ऐकावं, हे मलाही शिकवलेलं आहे. इथे मी ते बाजूला ठेवलं आणि त्यांना तिथल्या तिथे रिक्षावाल्या पोराला फोन लावायला सांगितला. कारण रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस वाचणं जवळजवळ अशक्य असतं, आणि त्याआधी वेळेवर उपचार मिळाले तर तो जवळजवळ नेहमीच वाचतो. मधे फक्त काही तारखा असतात. फोनवरून कळलं ते असं: ग्रामीण रुग्णालयात जखम धुतली, जखमेत सीरम (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) टोचलं, पहिली लसही दिली. गुरुवारची दुसरी लस मात्र राहिली. हाताला पट्टी, झाडावर चढता येत नाही, मजुरी बंद, आणि रिक्षाला पुन्हा पैसे घालायचे म्हणून तो गेलाच नव्हता. पाच रात्री काकींनी त्याच्या मरणाची धास्ती घेतली होती आणि त्याची लस रिक्षाभाड्यापायी अडली होती.

त्याच दुपारी रिक्षा त्याच्या दारात गेली, भाडं काकींचं. उशीर झाला म्हणून लस पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही. राहिलेला डोस लवकरात लवकर घ्यायचा आणि पुढच्या तारखा डॉक्टरांकडून नीट लिहून घ्यायच्या.

हे सगळं काकींना ठाऊक नव्हतं, पुष्कळांना नसतं, म्हणून इथे सांगते. चावल्यावर पहिलं काम म्हणजे वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुणं. हळद, चुना, तिखट, तेल काही नाही. घट्ट बांधूनही टाकायची नाही. लस दंडात दिली तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी (० म्हणजे पहिल्या लसीचा दिवस). कातडीत दिली तर ०, ३, ७ आणि २८ व्या. रक्त आलं असेल तर जखमेत आणि जखमेभोवती सीरमही लागतं. ते प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असतंच असं नाही, मोठ्या रुग्णालयात पाठवलं तर कंटाळा करू नये. पहिल्या दिवशी राहूनच गेलं तर पहिल्या लसीपासून सात दिवसांपर्यंत देता येतं. कुत्र्याला लस दिलेली असली तरी माणसाने आपली सुरू करायचीच. "पोटात चौदा इंजेक्शनं" ही भीती अजून वाड्यांतून फिरते. ती जुनी लस बंद होऊन वीस वर्षं उलटून गेली.

राहिला बंड्या. घरचा कुत्रा चावला तर त्याला दहा दिवस बांधून नजरेखाली ठेवतात. रेबीजचा विषाणू लाळेत उतरला असेल तर कुत्रा त्या मुदतीत आजारी पडतो आणि मरतो. दहाव्या दिवशी तो नेहमीसारखा खातपीत असेल तर चावला त्या वेळी त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असं धरतात. पुढच्या लसींचं काय करायचं ते मग डॉक्टर ठरवतात. काकींनी याची स्वतःची एक आवृत्ती काढली होती. कुणीतरी सांगितलं म्हणून त्या तासातासाला बंड्यापुढे पाण्याचं भांडं ठेवत होत्या, पाण्याला घाबरतो का बघायला. बंड्या बिचारा प्रत्येक वेळी उठून दोन घोट पीत होता. पाण्याची ती भीती रोग झालेल्या माणसात दिसते. कुत्र्यात बघायच्या त्या खुणा म्हणजे अचानक पालटलेला स्वभाव, लोंबलेला जबडा, गिळता न येणं, गळणारी लाळ, लटपटणारे पाय.

हे ऐकून त्यांना बरं वाटलं, पण बरं वाटणं तासभरच टिकतं हे मला माहीत होतं. खात्री करायची सवय अशीच असते. जितकी खात्री कराल तितकी ती कमी पडते. म्हणून आम्ही ठरवलं की बंड्याला बघायचं दिवसातून दोनदा, त्याच्या जेवणाच्या वेळी, आणि भिंतीवरच्या कालनिर्णयवर त्या तारखेला एक फुली मारायची. मधे मनात आलं तर "संध्याकाळी बघते" म्हणायचं आणि हातात काम घ्यायचं. व्हिडिओ बंद. पहिल्या दिवशी हे त्यांना जमलं नाही, भांडं चार वेळा पुढे गेलं. ठीक आहे. तासातासावरून चारावर आलं होतं.

पोलिसांची भीती मी उडवून लावली नाही. "काही होत नाही हो" असं म्हणायला सोपं असतं, पण ऐकणाऱ्याला ते खोटं आहे हे कळतं. कायदा आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ (१ जुलै २०२४ पूर्वी ते भारतीय दंड संहितेचं २८९ होतं) सांगतं की जवळच्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर इजेचा धोका संभवत असताना जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने पुरेशी खबरदारी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तक्रार करायचा त्या माणसाला हक्क आहे. बंड्या बांधलेला होता, आधी कधी चावला नव्हता, हे काकींच्या बाजूचं. लस लांबली हे त्यांच्या विरुद्धचं. दोन्ही खरं. जे आहे ते लिहून ठेवा, लसीचं कार्ड आणि दवाखान्याच्या पावत्या जपा, विचारलं तर खरं सांगा, एवढंच मी म्हटलं. एकदा चावला म्हणून घरच्या कुत्र्याला कुणी ओढून नेऊन मारत नाही. उलट रागाच्या भरात कुणी विष घातलं तर तोच गुन्हा ठरतो.

आणि मग सगळ्यात अवघड काम: त्याच्या घरी जाणं. काकींनी मनात तयार केलेलं पहिलं वाक्य तेच होतं, "बंड्या तसा नाही हो." मी म्हटलं, हे वाक्य इथेच ठेवून जा. ज्याच्या मनगटाला दात लागलेत त्याला ते 'तुझंच काहीतरी चुकलं' असं ऐकू येतं. आम्ही दुसरं बसवलं: "आमच्या दारात तुम्हाला लागलं. हात कसा आहे? किती दिवस चढता येणार नाही, तेवढी मजुरी मी देणार. लशीला न्यायला रिक्षा येईल." दोन-चारदा म्हणून घेतलं. रडू आलं तर रडायचं, पण त्याने आपली समजूत काढावी अशी वेळ आणायची नाही.

गेल्या. तो बोलला ते थोडंच, "कुत्रा हाय, चावतो कधी." बायको मात्र बोलली. घरात दोन पोरं, हंगाम तोंडावर, पाच दिवसांत कुणी फिरकलं नाही, पाचशे रुपये देऊन मोकळ्या झालात. काकी उभ्याने ऐकत राहिल्या. पैसे घेतले गेले, चहा विचारला गेला नाही. मला फोनवर सांगताना त्या म्हणाल्या, "बरोबरच बोलली ती." त्या रात्री त्यांना झोप लागली. लोक मला विचारतात, माफी मिळाली का? काकींनी ते मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तक्रार झाली नाही एवढं खरं. तो पाडेली त्यांच्या आगरात पुन्हा आलेला नाही, आणि यावं अशी अपेक्षाही नको.

दहा फुल्या झाल्या, बंड्या ठणठणीत. नंतरची काळजी वेगळीच निघाली, आणि ती आधीच्या सगळ्यांपेक्षा खोल होती: काकींना आता बंड्याचीच भीती वाटत होती. ताटली लांबून सरकवायच्या. "सहा वर्षांचा कुत्रा, मला कळलाच नाही," असं म्हणायच्या. मी त्यांना चावण्याआधीचं अर्धं मिनिट पुन्हा सांगायला लावलं, पाडेल्याने सांगितलेलं धरून. तो पाणी प्यायला, वाकला, झोपलेल्या कुत्र्याच्या डोक्यावरून मायेने हात फिरवला आणि कान चोळला. कुठला कान? डावा. आणि मग काकींनाच आठवलं की पावसाळाभर बंड्या डोकं झटकत होता, कानाला आंबूस वास येत होता. पशुवैद्यकांनी बघितलं, कान आतून सुजलेला, पिकलेला. आपल्याकडच्या दमट हवेत हे फार होतं. अनोळखी हात, माडाचा वास, कमरेला कोयता, दुखरा कान, झोपेतून दचकणं आणि मागे सरकायला साखळी पुरत नाही. गरीब कुत्र्याला अजून काय कारण लागतं?

इथे एक गोष्ट मी ठासून सांगितली. मुलाने पुण्याहून सल्ला दिला होता की गुरगुरला की फटका दे. तसं करू नये. गुरगुरणं ही त्याची सूचना आहे. ती मारून बंद केली तर पुढच्या वेळी सूचना न देता दात लागतील. ओठ चाटणं, जांभई देणं, अंग ताठ होणं, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघणं या त्याच्याही आधीच्या खुणा. त्या दिसल्या की माणसाला लांब करायचं.

कानाला औषध, मुदतीनंतर लस, दवाखान्यात नेताना मुसकी, कामाला माणूस आला की बंड्या मागच्या खोलीत आणि दार लावलेलं. दूध, भाकरी देण्यापासून सुरुवात करून काकींचा हात हळूहळू पुन्हा त्याच्या पाठीवर गेला. डोक्यावर जायला बराच वेळ लागला.

"ठेवू की देऊन टाकू?" हे सगळेच विचारतात. घरात लहान मूल असेल, कुत्रा दुसऱ्यांदा चावला असेल, कारण सापडत नसेल, तर उत्तर वेगळं असू शकतं, आणि ते पशुवैद्यकांना घेऊनच द्यावं. पण न सांगता कुणाच्या तरी बागेत नेऊन सोडणं म्हणजे आपली धास्ती दुसऱ्याच्या दारात ठेवणं, एवढं मी स्पष्ट बोलते. आणि सगळं करूनही महिनाभर झोप नाही, जेवण नाही, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतंय, तर ते आता कुत्र्याचं राहिलेलं नसतं; मनोविकारतज्ज्ञांना भेटावं, किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करावा, मराठीत बोलता येतं.

काकींचा शेवटचा फोन शिमग्याच्या आधी आला. पालखी घरी येणार, ढोल, खेळे, पन्नास माणसं अंगणात, बंड्याचं काय करू? मी तोंड उघडण्याआधी त्यांनीच सांगितलं की त्याला दुपारीच माजघरात घालून कुलूप लावणार आहेत, किल्ली सासूबाईंकडे, आणि गावकऱ्यांना तसं सांगूनही ठेवलंय. मग विचारायचं काय होतं ते त्या विसरल्या आणि पालखीला नैवेद्य काय करणार याबद्दल बोलत बसल्या.