अमेरिकेत बंदुकांवरून लिबरल आणि कॉन्झर्वेटिव्ह नेमके कशावर भांडतात? सरकार सरळ बंदी का घालत नाही?

शाळेतली लहान मुलं मारली जाऊनही अमेरिकन सरकार हातावर हात ठेवून का बसतं, आणि दोन्ही बाजूंचं नेमकं भांडण काय, असं तुम्ही विचारलंय. भाचा एमएस करायला टेक्सासला निघालाय म्हणून काळजी वाटते, असंही लिहिलंय. मी डॅलसच्या उत्तरेकडच्या उपनगरात बरीच वर्षं राहतोय आणि शेजारीपाजारी दोन्ही मतांचे आहेत. माझा स्वतःचा कल कायदे कडक असावेत याकडे आहे, हे आधीच सांगतो. वाचताना तेवढं वजा करून घ्या.

बंदीचं आधी उरकू. सरसकट बंदी घालणं सरकारच्या हातातच नाही. १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीत एकच अडनिडं वाक्य आहे. त्याची सुरुवात मिलिशियाने (नागरिकांच्या सशस्त्र दलाने) होते आणि शेवट, लोकांच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्काला बाधा आणू नये, असा होतो. हा हक्क मिलिशियापुरता की प्रत्येक माणसाचा, यावर पुष्कळ काथ्याकूट झाला. २००८ मध्ये ‘हेलर’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की स्वसंरक्षणासाठी घरात हँडगन (पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर) ठेवणं हा व्यक्तीचा हक्क आहे. २०२२ च्या ‘ब्रुएन’ निकालाने तो घराबाहेरही नेला. घटना बदलायची तर ५० पैकी ३८ राज्यांची मान्यता लागते, ती मिळणं आज तरी अशक्य. आणि उद्या बंदी आलीच असं समजा, तरी लोकांकडे अंदाजे ३९ कोटी बंदुका आहेत, माणसांपेक्षा जास्त. त्या दारोदार जाऊन गोळा कोण करणार? पोलीस. खरी गाठ इथेच आहे.

भारतातून बघताना वाटतं की लिबरल लोकांचा सरकारवर विश्वास आहे आणि कॉन्झर्वेटिव्हांचा नाही. इथे राहून माझं मत बदललं. विश्वास दोघांचाही नाही, फक्त प्रत्येकाला सरकारचा वेगळा हात नको असतो. कॉन्झर्वेटिव्हाला यादी करणारा हात नको असतो, लिबरलला कॉलर धरणारा.

यादीची भीती किती खोल आहे याचं एक उदाहरण. १९८६ च्या कायद्याने केंद्र सरकारला बंदूकमालकांची राष्ट्रीय नोंदवही करायला मनाई आहे. त्यामुळे गुन्ह्यात सापडलेल्या बंदुकीचा माग काढायचा तर आधी कारखान्याला, मग घाऊक विक्रेत्याला, मग दुकानदाराला विचारत जावं लागतं. बंद पडलेल्या दुकानांचे कागद वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गच्या सरकारी केंद्रात खोक्यांनी येतात. तिथे ते स्कॅन होतात, पण मालकाच्या नावाने शोधता येणार नाहीत अशा रीतीने. कर्मचारी पान पान बघतात. जगाला सर्च इंजिन देणाऱ्या देशात हे मुद्दाम असं ठेवलंय. यादी झाली की एक दिवस जप्ती येईल, हा तर्क मला अतिरेकी वाटतो. पण तो मानणारे लाखो लोक आहेत आणि ते मतदानाला हमखास जातात.

आता कॉलरची भीती. ब्रुएन खटला न्यूयॉर्कच्या कायद्याविरुद्ध होता. बाहेर पिस्तूल नेण्याचा परवाना हवा तर खास कारण दाखवा, असं तो कायदा म्हणायचा. बंदूक संघटना त्याच्याविरुद्ध असणारच. पण ब्रॉन्क्स आणि ब्रुकलिनमधल्या गरीब आरोपींचे खटले लढवणाऱ्या सरकारी बचाव वकिलांनीही, म्हणजे पक्क्या डाव्या मंडळींनी, न्यायालयाला लिहून दिलं की हा कायदा रद्द करा. त्यांचं म्हणणं असं की परवाना गोऱ्या, पैसेवाल्या माणसाला मिळतो आणि विनापरवाना बंदुकीच्या गुन्ह्यात तुरुंगात जातात आमचे काळे आणि लॅटिनो अशील. कायदा कडक केला की तो राबवायला पोलीस लागतात, आणि पोलीस कुणाला अडवतात हे न्यूयॉर्कने वर्षानुवर्षं पाहिलंय. लिबरल वर्तुळात यावर फारसं बोललं जात नाही.

तसं पाहिलं तर बाजूही कायमच्या ठरलेल्या नाहीत. १९६७ मध्ये ब्लॅक पँथर या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचे कार्यकर्ते भरलेल्या बंदुका घेऊन ओकलंडमध्ये पोलिसांवर नजर ठेवत फिरायला लागले, तेव्हा कॅलिफोर्नियात भरलेली बंदूक उघड नेण्यावर बंदी आली. कायद्यावर सही करणारे गव्हर्नर होते रोनाल्ड रेगन, पुढे कॉन्झर्वेटिव्हांचे लाडके राष्ट्राध्यक्ष झाले तेच. नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूकमालकांच्या बड्या संघटनेनेही त्याला पाठिंबा दिला होता. ही संघटना आजच्यासारखी कडवी झाली ती १९७७ नंतर, सिनसिनाटीच्या अधिवेशनात जुन्या नेतृत्वाला सदस्यांनी उलथवलं तेव्हापासून.

ऑफिसातला माझा एक सहकारी पश्चिम टेक्सासात वाढलाय. त्याच्या आईवडिलांच्या रँचवरून ९११ ला (पोलिसांच्या आपत्कालीन नंबरला) फोन केला तर शेरीफची, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाची, गाडी यायला पाऊण तास लागतो. ‘तोवर मी काय करायचं?’ असं तो विचारतो. पुण्यात पोलीस चौकीपासून चालत जाण्याच्या अंतरावर वाढलेल्या माझ्याकडे त्याला द्यायला चांगलं उत्तर नाही. शिवाय तो कॅसल रॉक खटल्याचा दाखला देतो. कोलोरॅडोत एका आईने विभक्त नवऱ्याविरुद्ध कोर्टाचा मनाईहुकूम घेतला होता. नवरा तिन्ही मुलींना घेऊन गेला, ती रात्रभर पोलिसांना विनवत राहिली, ते हलले नाहीत, मुली मारल्या गेल्या. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पोलिसांनी तो हुकूम राबवलाच पाहिजे, असा तिचा घटनात्मक हक्क नव्हता. सरकार तुम्हाला वाचवायला बांधील नाही आणि वर स्वतःला वाचवायचं साधनही काढून घेणार, हा कॉन्झर्वेटिव्ह युक्तिवादाचा गाभा आहे. त्याला ‘बंदूकवेडे’ म्हणून उडवून लावणं सोपं आहे, खोडून काढणं अवघड.

आणि मग उवाल्डी. २४ मे २०२२ ला टेक्सासमधल्या या छोट्या गावातल्या प्राथमिक शाळेत १९ मुलं आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या. मारेकऱ्याने अठरावा वाढदिवस होताच दोन एआर धर्तीच्या (लष्करी रायफलींच्या घडणीच्या) रायफली घेतल्या होत्या, कायदेशीरपणे. दुकानातून हँडगन घ्यायला २१ पूर्ण लागतात, रायफलीला १८ पुरतात. शाळेत वेगवेगळ्या खात्यांचे मिळून ३७६ सशस्त्र अधिकारी जमले. वर्गात शिरायला त्यांनी तासाहून जास्त वेळ लावला, आत मुलं ९११ ला फोन करत असताना. माझ्या लिबरल मित्रांनी यातून काढलेला अर्थ: ३७६ प्रशिक्षित माणसं ज्या शस्त्राला घाबरून बाहेर थांबली, ते अठरा वर्षांच्या पोराला विकता कसं? कॉन्झर्वेटिव्ह मित्रांनी काढलेला अर्थ: पाहिलंत, पोलीस येत नाहीत. घटना एकच, आणि तिने दोघांचीही मतं आणखी घट्ट झाली. पुढच्या मे महिन्यात आमच्या जवळच्या ॲलन गावातल्या आउटलेट मॉलमध्ये आठ जण मारले गेले, त्यात एक तरुण भारतीय अभियंता होती. त्या आठवड्यात आमच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर निम्मे लोक ‘या रायफली बंद करा’ लिहीत होते आणि काही जण, अगदी तेवढ्याच गांभीर्याने, कुठलं पिस्तूल घ्यावं हे विचारत होते.

पण या सगळ्या गदारोळात आकडे वेगळंच सांगतात. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० मृत्यू झाले. त्यातल्या २६,३२८, म्हणजे निम्म्याहून जास्त, आत्महत्या होत्या. हत्यांपैकीही बहुतेक हँडगनने होतात, रायफलींचा वाटा काही टक्केच. टीव्हीवर वाद चालतो तो शाळा, मॉल आणि एआर-१५ यांचा. आत्महत्या करणारा बहुधा मध्यमवयीन किंवा म्हातारा पुरुष असतो, स्वतःच्या घरात, आणि गावाकडे हे प्रमाण जास्त. त्याच्याबद्दल लिबरल बोलत नाहीत कारण त्यात खलनायक नाही. कॉन्झर्वेटिव्ह बोलत नाहीत कारण तो त्यांच्यातलाच आहे आणि संरक्षणासाठी घेतलेली बंदूकच त्याला नडलेली असते.

आत्महत्येचा झटका पुष्कळदा थोड्या वेळाचा असतो. त्या वेळात हाताशी बंदूक नसली तर बरेच जण वाचतात. न्यू हॅम्पशरमध्ये २००९ मध्ये एकाच दुकानातून घेतलेल्या बंदुकांनी आठवड्याच्या आत तीन जणांनी जीव दिला. दुकानमालक हादरला. त्याने आणि आत्महत्या रोखण्याचं काम करणाऱ्यांनी मिळून दुकानदारांसाठी सूचना तयार केल्या: गिऱ्हाईक संकटात दिसलं तर विक्री टाळा, मित्र खचलेला दिसला तर त्याच्या बंदुका काही दिवस तुमच्याकडे ठेवा. कायदा नाही, दंड नाही, सांगणारे स्वतः बंदूकवाले. हा उपक्रम पुढे इतर राज्यांनी उचलला. मला हे सर्वांत शहाणपणाचं वाटतं, आणि निवडणुकीच्या भाषणात मी ते एकदाही ऐकलेलं नाही.

मग सरकारने करायचं काय? जे काही मंजूर झालंय त्यात सरकार ठरावीक माणसापुरतं आणि शक्यतो न्यायाधीशामार्फत हात घालतं. ‘रेड फ्लॅग’ कायद्यात घरचे किंवा पोलीस न्यायालयात जातात आणि धोकादायक वाटणाऱ्या माणसाची बंदूक काही काळ काढून घेतली जाते. लिबरल कनेटिकटने तो १९९९ मध्ये आणला, कॉन्झर्वेटिव्ह इंडियानाने २००५ मध्ये. २०१८ ला पार्कलंडच्या शाळेत १७ जण मारले गेल्यावर फ्लोरिडाच्या रिपब्लिकन, म्हणजे कॉन्झर्वेटिव्ह पक्षाच्या, गव्हर्नरने रेड फ्लॅगही आणला आणि रायफल खरेदीचं वय २१ केलं. टेक्सासने मात्र २०२५ मध्ये असे आदेश निघूच नयेत म्हणून कायदा केला.

केंद्रात खासगी विक्रीवर बॅकग्राउंड चेक (गिऱ्हाइकाच्या पूर्वेतिहासाची तपासणी) लावायचा प्रस्ताव २०१३ मध्ये ५४ मतं मिळूनही पडला, कारण सिनेटमध्ये, म्हणजे १०० जणांच्या वरिष्ठ सभागृहात, चर्चा संपवून मतदानाला जायलाच ६० लागतात. तेही सँडी हूकच्या शाळेत २० लहान मुलं मारली गेल्यावर चारच महिन्यांनी. उवाल्डीनंतर महिनाभरात मात्र ६५-३३ ने एक कायदा झाला, त्यात १५ रिपब्लिकन सिनेटर होते. २१ वर्षांखालच्या गिऱ्हाइकाची जास्त तपासणी, जोडीदाराला मारहाण केल्याची शिक्षा झालेल्या प्रियकरावरही बंदी (आधी ती मुख्यतः नवऱ्यांपुरती होती), मानसिक आरोग्याला पैसा. तीस वर्षांतला हा सर्वांत मोठा कायदा म्हणतात. माझ्या मते फार थोडा, पण त्याहून पुढचं काही आजच्या सिनेटमध्ये ६० मतं मिळवणार नाही.

भारताच्या घटनेत असा हक्क का नाही, हेही जाता जाता. तो येता येता राहिला. इंग्रजांच्या शस्त्रकायद्याचा राग होता, म्हणून काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क, नियमांच्या अधीन राहून, होता. १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी तशी दुरुस्ती मांडली. आंबेडकरांनी ती नाकारली. कुणीही बाजारात जाऊन हवं ते शस्त्र विनारोकटोक घेऊ लागला तर राज्यकारभार चालेल कसा, असा त्यांचा मुद्दा होता.

आता भाच्याचं. एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर असताना बंदूक बाळगणं, गंमत म्हणून रूममेटची हातात घेणंही, हा केंद्रीय गुन्हा ठरू शकतो. शिकारीच्या परवान्याचा अपवाद आहे, त्याच्या वाटेला वकिलाला विचारल्याशिवाय जाऊ नये. टेक्सासच्या सरकारी विद्यापीठांत २०१६ पासून परवानाधारक लोक लपवलेलं पिस्तूल घेऊन वर्गात बसू शकतात, हे त्याला माहीत असू द्या. घर भाड्याने घेताना सोबत राहणाऱ्यांना ‘घरात बंदूक आहे का, कुलपात असते का’ हे सरळ विचारायला सांगा. आपल्या लोकांना ते उद्धटपणाचं वाटतं, इथे वाटत नाही. आमच्याकडे मुलं खेळायला कुणाकडे जाणार असली की आई-बाबा फोनवर विचारतातच, आणि समोरचे तिजोरी कुठली आहे तेही सांगतात.