"मॅडम, पोरगं रात्रभर गाव चालवायलंय"

मुलगा ऑनलाइन गेममध्ये गाव वसवून बसलाय, रात्र-रात्र त्याचाच कारभार बघतो, अभ्यासाकडं लक्ष नाही. हे व्यसन आहे का? गेम बंदच करून टाकू का? समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न माझ्याकडं हल्ली सारखा येतो. बंद करायच्या आधी त्या गावात एक चक्कर मारून या, असं मी सांगते. का सांगते, ते एका घरच्या अनुभवातून मांडते. घरच्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

2025चा दसरा नुकताच झाला होता. सप्टेंबरच्या पावसानं मराठवाड्याची काय दैना केली ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. या मुलाच्या वडिलांचं लातूरच्या मोंढ्यात आडतीचं दुकान. भिजून काळं पडलेलं सोयाबीन दारात येत होतं. हमीभाव 5328 रुपये, पण बाजारातला भाव त्याच्या बराच खाली. पेरणीला शेतकऱ्यांना दिलेली उचल अडकलेली, आणि परत मागायला तोंड नाही. अशातच एका रात्री अडीच वाजता ते पाणी प्यायला उठले, तर अकरावीतला मुलगा लॅपटॉपसमोर बसलेला, कानाला हेडफोन, दबक्या आवाजात कुणाला तरी सांगतोय, "नाही, आज कुणालाच उधारी नाही."

दुसऱ्या दिवशी आईच्या मोबाइलवर वीस-वीस रुपये जमा झाल्याच्या नोंदी सापडल्या. नावं सगळी अनोळखी. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणणारा कायदा ऑगस्टमध्येच झाला होता, त्याच्या बातम्या वडिलांनी ऐकल्या होत्या. त्यांना वाटलं, पोरानं घरात जुगाराचा अड्डा मांडला, आता पोलीस दारात येणार. लॅपटॉप उचलला आणि दुकानात नेऊन कुलपात ठेवला.

त्यानंतर चार दिवस मुलगा धड जेवला नाही. ताटावर बसायचा, भाकरीचा तुकडा मोडायचा आणि तसाच उठायचा. पाचव्या दिवशी तिघंही माझ्यासमोर होते. आई म्हणाली, "मॅडम, आधी लई बोलायचं हो लेकरू. आता नुसतं भिंतीकडं बघत बसायलंय."

मी मुलाशी एकट्यानं बोलायला बसले आणि पहिलाच प्रश्न चुकीचा विचारला. रोज किती तास खेळतोस? "तीन-चार," म्हणाला आणि गप्प झाला. हा प्रश्न घरी त्याला शंभरदा विचारून झाला होता, माझ्याकडून त्याला काही वेगळं मिळालं नाही. पुढची वीस मिनिटं वाया गेली. मग मी विचारलं, "तुझ्या गावात राहतं कोण?"

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. "एकतीस जण," म्हणाला.

खेळ होता माइनक्राफ्ट. चौकोनी ठोकळ्यांचं जग असतं, त्यात खणायचं, पेरायचं, बांधायचं. 2011 मध्ये तो पूर्ण रूपात बाजारात आला आणि त्याच्या तीस कोटींहून जास्त प्रती खपल्या आहेत. एकट्यालाही खेळता येतो, पण महिन्याच्या भाड्यानं सर्व्हर, म्हणजे इंटरनेटवरचा सामायिक संगणक, घेतला की सगळ्यांना एकाच जगात राहता येतं. या मुलानं दहावीच्या सुट्टीत असा सर्व्हर घेतला. नांदेड, परभणी, अंबाजोगाईची मुलं आली, पुण्याचा मामेभाऊ आला. गावाला वेस आहे, पार आहे, शाळा आहे. आजोळची बारव त्यानं सुट्टीत जाऊन पायऱ्या मोजून आणल्या आणि तिथं तशीच्या तशी बांधली. सगळे त्याला सरपंच म्हणतात. वीस-वीस रुपये ही सर्व्हरच्या भाड्याची वर्गणी होती.

गावात चलन हिऱ्याचं. कुणी गहू पिकवतं, कुणी खाणीत उतरून लोखंड काढतं, कुणी लाकूड विकतं. चौसष्ट नगांचा एक गठ्ठा, लोखंडाच्या गठ्ठ्याला चार हिरे असा भाव बसलेला. मग एकानं आयर्न फार्म बांधलं. या खेळात संगणकानंच चालवलेले गावकरी असतात. झोंबी दिसला की ते घाबरतात आणि त्यांच्या राखणीला लोखंडी राक्षस उभा राहतो. तो मेला की तीन ते पाच नग लोखंड पडतं. मुलं याचंच यंत्र करतात. गावकऱ्यांना सतत झोंबी दाखवायचा, राक्षस उभा करायचा, मारायचा, लोखंड पेटीत. आठवड्याभरात भाव चारावरून एकावर आला. खाणीत उतरणाऱ्यांची दुकानं बसली. परभणीचा सातवीतला एक मुलगा व्हॉइस चॅटवर रडायला लागला.

"मग तू काय केलंस?" मी विचारलं.

"बीकन बांधायचं ठरवलं." बीकन म्हणजे उजेडाचा खांब. त्याच्याखाली चार थरांचा पूर्ण चौथरा बांधायला 164 ठोकळे लागतात, आणि लोखंडाच्या एका ठोकळ्याला नऊ नग. म्हणजे 1476 नग. त्यानं दवंडी दिली: ग्रामनिधीतून लोखंडाची खरेदी होईल, गठ्ठ्याला तीन हिरे, एका घरामागं दोनच गठ्ठे, आणि फार्मवाल्याचा माल शेवटी. सत्तरेक हिरे खर्च झाले. भाव सावरला. ही खरेदी तीन रात्री चालली आणि त्याच आठवड्यात त्याची चाचणी परीक्षा होती. भौतिकशास्त्रात पन्नासपैकी अकरा.

मी वही बंद केली आणि थोडा वेळ तशीच बसले. सोळा वर्षांच्या मुलानं कुणीही न शिकवता सरकारी खरेदी केंद्र चालवलं होतं, खरेदीची मर्यादा घालून, आधी छोट्याचा माल घेऊन. मला त्याचं मनापासून कौतुक वाटलं आणि तितकीच काळजीही वाटली.

आता व्यसनाबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेनं आजारांच्या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर' घातला आहे, ती यादी 1 जानेवारी 2022 पासून लागू आहे. त्यात तासांचा आकडा दिलेला नाही. तीन गोष्टी पाहायच्या असतात: खेळण्यावरचा ताबा सुटलाय का, बाकी सगळ्या आवडी आणि कामं मागं पडून खेळच वरचढ झालाय का, आणि नुकसान होतंय हे दिसत असूनही खेळणं चालूच आहे किंवा वाढतंय का. हे साधारण बारा महिने चाललेलं असावं लागतं आणि त्यानं घर, शाळा, नाती यांत मोठा बिघाड झालेला असावा लागतो. हा मुलगा संध्याकाळी क्रिकेटला जात होता, क्लास बुडवत नव्हता, आजीला दवाखान्यात तोच नेत होता. झोप मात्र पार गेली होती आणि गुण घसरले होते. मी आजाराचं नाव दिलं नाही. पण "काही नाही, सोडा" असंही म्हणाले नाही.

कारण खरं दुखणं मला वेगळं दिसत होतं. लॅपटॉप गेल्याचं दुःख त्याला होतंच, पण जेवण तुटलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. तो म्हणाला, "मॅडम, मी न सांगता गायब झालो. त्यांना वाटलं असेल, सरपंच वर्गणी घेऊन पळाला." आणि त्यात भर पडली. त्या चार रात्रींत कुणीतरी ग्रामनिधीची पेटी साफ केली. मूळ खेळात पेटीला कुलूप नसतं. मामेभावानं त्याला फोनवर कळवलं होतं. घरात कुणाला सांगणार? "दगडांचा खेळ चोरीला गेला" म्हणून हसलेच असते.

मुलाला खेळ सुटत नव्हता असं म्हणणं सोपं आहे. त्याला कारभार सुटत नव्हता. लॅपटॉप काढून घेतल्यानं कारभार डोक्यातून गेला नाही, फक्त निभावायची वाट बंद झाली. हे ज्या घरात घडतं तिथं बंदीनं मूल बरं होत नाही, ते चोरून खेळतं किंवा मिटून जातं. मी दोन्ही पाहिलंय.

पुढच्या बैठकीला मुलानं वर्गणीची वही आणावी आणि वडिलांनी ती वाचावी, एवढंच मी सांगितलं. शंभर पानी वही, डाव्या हाताला जमा, उजव्या हाताला नावे म्हणजे खर्च. रुपयांची पानं वेगळी, हिऱ्यांची वेगळी. वडिलांनी चष्मा लावला आणि सवयीनं बोट ठेवून बेरीज तपासत गेले. एका पानावर थांबले.

"लोखंडाचा भाव का पडला रे?"

"आवक वाढली, पप्पा."

"आणि ह्या तीन हिऱ्यांनं कोण घेतलं?"

"गावानं. आधी बारक्यांचं."

वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "मला बी झोप लागत नाय मॅडम, दोन महिने झाले." आई त्यांच्याकडं बघतच राहिली. तिलाही ते त्यांनी सांगितलेलं नव्हतं. त्या दिवशी आम्ही मुलाबद्दल फार बोललोच नाही. उचल कुणाकडं किती, कुणाचं रान खरवडून गेलं, हे सगळं निघालं आणि मुलगा ऐकत बसला.

त्यानंतरची कामं साधी होती. लॅपटॉप परत दिला, पण रात्री साडेदहाला तो आई-बाबांच्या खोलीत जाईल असं ठरलं. खेळातल्या गावाची रोज रात्री अकराला भरणारी ग्रामसभा रविवारी संध्याकाळी पाचला आली. कारभाराचे अधिकार आणखी दोघांना दिले, म्हणजे एकजण नसला तरी गाव चालेल. सर्व्हरची रोजची नक्कल आपोआप साठेल अशी सोय केली, चोरी झाली तर कालचं गाव परत आणता येतं. ही शेवटची गोष्ट त्याला अडीच वाजेपर्यंत जागायला लावणारी भीतीच काढून टाकणारी होती. पालकांना मी आवर्जून सांगते, मूल रात्री कशाला भिऊन जागतं ते विचारा, पुष्कळदा तोडगा तांत्रिक आणि दहा मिनिटांचा असतो.

पैशाच्या बाबतीत मात्र मी कडक राहिले. आईच्या खात्यावर तिला न विचारता वर्गणी घेणं चूकच होतं आणि ते त्यानं कबूल केलं. आता वर्गणी प्रत्येक मुलाच्या घरी सांगून येते आणि हिशोब सगळ्या पालकांना जातो. एक मोठा मुलगा खरे पैसे देऊन हिरे मागत होता, त्याला नाही म्हणायचं ठरलं. खेळातली संपत्ती खऱ्या रुपयांत विकायला लागलात की मुलांचं गाव राहत नाही, आणि फसवणारे तिथूनच आत शिरतात. तुमच्या मुलाकडं अनोळखी माणसाचे पैसे येत-जात असतील, तो खोटं बोलून पैसे काढत असेल, जेवण-आंघोळ-मित्र सगळंच सुटलं असेल, गेम काढल्यावर जीव द्यायची भाषा करत असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि मानसोपचारतज्ज्ञांना गाठा. मानसिक आरोग्यासाठीच्या 'टेलिमानस' सेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

सगळं गोड झालं असं नाही. एकदा मुलानं साडेदहाची वेळ मोडली आणि घरात पुन्हा आवाज चढले. पुढच्या चाचणीत भौतिकशास्त्रात पन्नासपैकी एकोणीस आले, वडिलांना ते कमीच वाटले.

जानेवारीत तो एकटाच आला. गावात निवडणूक घेतली होती आणि नांदेडची नववीतली एक मुलगी सरपंच झाली. हा आता तिथं फक्त शेती करतो, तीही रविवारी. वही तिला द्यायची तर पोस्टानं कशी पाठवायची, म्हणून पानांचे फोटो काढले होते. पाठवायच्या आधी वडिलांनी अडवलं, म्हणाले, शिल्लक जुळल्याशिवाय वही दुसऱ्याच्या हातात द्यायची नसते. दोघं रात्री नऊ वाजता स्वयंपाकघरात बेरजेला बसले, बारा रुपयांची चूक सापडेपर्यंत उठले नाहीत. शेवटचं पान त्यानं मला दाखवलं. शिल्लक रुपये 410, हिरे 212. खाली त्याची सही आणि शेजारी, तपासणाऱ्याच्या जागी, वडिलांची.