किनारा सफाई : गोणी भरण्याआधी आणि भरल्यानंतर

प्रश्न : सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी, आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता दिनी, राष्ट्रीय सेवा योजनेची ६० मुलं घेऊन गावचा किनारा साफ करायचा आहे. गेल्या वर्षी आठला सुरुवात केली, नऊला पाणी पायाशी आलं. भरलेल्या गोण्या दोन आठवडे तिथेच पडून राहिल्या. नेमकं कुठे चुकलं? (प्राध्यापक, गुहागर तालुका)

उत्तर : वेळ घड्याळ पाहून ठरवलीत, पाणी पाहून नाही. आणि गाडी आधी ठरवली नव्हती. यातली दुसरी चूक मोठी. ग्रामपंचायतीशी बोलून ट्रॅक्टर-ट्रॉली किंवा टेम्पो त्याच दिवशी दुपारपर्यंत किनाऱ्यावर येणार हे पक्कं झाल्याशिवाय मुलांना तारीख सांगू नका. पडून राहिलेल्या गोण्या कुत्री फाडतात, पुढच्या उधाणात उरलेल्या समुद्रात जातात आणि सगळी मेहनत वाया जाते.

वेळेसाठी आपल्याकडचा जुना हिशेब कामाचा आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास आणि ओहोटी बाराला. त्या दिवशी सकाळी सातला गेलात तर पाणी जेमतेम उतरू लागलेलं असेल. तृतीयेला भरती सव्वादोनची, म्हणून ओहोटी साडेआठच्या आसपास; सफाईला हा उत्तम दिवस. हिशेब अर्धा-एक तास इकडेतिकडे होतो, तेव्हा आदल्या दिवशी भरती-ओहोटीचा तक्ता पाहा आणि गावातल्या मच्छीमारांनाही विचारा. पूर्ण ओहोटीच्या दीड-दोन तास आधी सुरू करा, ओहोटीनंतर तासाभरात आटपा. शनिवार पाण्याच्या दृष्टीने गैरसोयीचा निघाला तर कार्यक्रम खुशाल आठवडाभर पुढे ढकला.

कचरा किनाऱ्यावर दोन रेघांत असतो. एक ताज्या भरतीची, ओली. दुसरी वर, सुरूच्या आणि केवड्याच्या मुळांशी, पावसाळ्यातल्या उधाणाने नेऊन टाकलेली. बहुतेक चमू फक्त खालची रेघ साफ करतात, कारण ती डोळ्यांसमोर असते. वरच्या रेघेत चपला, बाटल्या, थर्माकोल वर्षानुवर्षं अडकून कुरकुरीत होतात आणि हात लावताच तुकडे पडतात. पाणी चढू लागलं तरी तिथे काम चालू ठेवता येतं. जाणत्या मुलांना वरच द्या.

६० जणांचे तिघातिघांचे २० गट करा : दोघे वेचणारे, तिसरा गोणी धरणारा आणि नोंदही करणारा. प्रत्येक गटाला २५ मीटर दिलेत तर अर्धा किलोमीटर होतो. दोन तासांत त्याहून जास्तीची हाव धरू नका. खताच्या किंवा तांदळाच्या विणलेल्या गोण्या गटागणिक पाच-सहा घ्या. काळ्या पातळ पिशव्या शिंपल्याने फाटतात. हातमोजे तळव्याला रबराचा थर असलेले हवेत, आणि दहा जोड जास्तीचे. पाणी २० लिटरचे तीन-चार जार, पेले ज्याने त्याने आणायचे. सफाईला बाटलीबंद पाणी आणणं म्हणजे नवा कचरा आणणंच.

गोणी दोनतृतीयांशच भरा. दहा लिटरची बादलीभर ओली वाळू १८ ते २० किलो भरते. कचऱ्याबरोबर वाळू आली की गोणी उचलत नाही आणि शिवणीत उसवते. प्रत्येक वस्तू झटकूनच आत टाका.

प्रश्न : थर्माकोलचे दाणे वाळूतून कसे काढायचे? (वाचक, अलिबाग)

उत्तर : वाळू कोरडी असेल तर गवंड्याच्या चाळणीने. ओली वाळू चाळणीत अडते. तेव्हा बादलीत समुद्राचं पाणी घ्या, दाण्यांची वरवरची वाळू त्यात टाकून ढवळा. वाळू बसते, थर्माकोल तरंगतो. तो चहाच्या गाळणीने वेचा आणि पाणी कापडातून गाळूनच ओता.

प्रश्न : अर्धं गाडलेलं जाळं आम्ही दहा जणांनी दोर लावून ओढलं. दोर तुटला, दोघांना लागलं. दुसरा उपाय? (मंडळ कार्यकर्ते, मालवण तालुका)

उत्तर : गाडलेलं जाळं ओढून निघत नाही, वाळूचं वजन त्याला खाली धरून ठेवतं. फावड्याने भोवती हातभर खणा, करवती पात्याच्या सुरीने दोन-दोन मीटरचे तुकडे करा, झटका आणि मगच उचला. खडकात अडकलं असेल तर मोकळा भाग कापा, जिवंत शिंपले-कालवं चिकटलेला राहू द्या. सर्वांत आधी मात्र गावातल्या मच्छीमारांना विचारा : रापणीचं (किनाऱ्यावरून ओढायचं) किंवा वाळत घातलेलं जाळं परक्याला टाकाऊच वाटतं.

प्रश्न : सुया सापडतात. काय करावं? (शिक्षिका, पालघर)

उत्तर : मुलांनी हात लावायचा नाही, हाक मारायची. मोठ्या माणसाने चिमट्याने उचलून तेलाच्या जाड पाच लिटरच्या कॅनमध्ये टाकायची, टोपण घट्ट आवळायचं आणि कॅनवर ‘बोचऱ्या सुया’ असं ठळक लिहायचं. प्राथमिक आरोग्य केंद्राला आधीच सांगून ठेवा म्हणजे कॅन घेतील. सुई टोचलीच तर जखम पिळू नका, तोंडात घालू नका. साबणाने वाहत्या पाण्यात धुवा आणि लगेच दवाखान्यात जा. एचआयव्ही प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत, जितकं लवकर तितकं चांगलं. पावसाळ्यात जेलीफिशसारखी दिसणारी निळी, फुगीर ‘ब्लू बॉटल’सुद्धा किनाऱ्याला लागते, ती मेलेली असली तरी डंख करते.

प्रश्न : गोळा केलेलं सगळं भंगारवाला घेईल का? (वाचक, श्रीवर्धन)

उत्तर : नाही. पाण्याच्या बाटल्या, जाड डबे, काच, धातू घेईल, तेही वाळू झटकलेलं. वेफर्स-गुटख्याची पाकिटं, चपला, थर्माकोल कोणी घेत नाही. म्हणून चार गोण्या वेगळ्या ठेवा : विकता येणारं प्लास्टिक, काच-धातू, जाळी-दोर, उरलेलं. उरलेलं ग्रामपंचायतीच्या शेडमध्ये जाईल हे आधी लिहून घ्या. किनाऱ्यावर पेटवू मात्र नका. २०१६च्या हरित न्यायाधिकरणाच्या आदेशाप्रमाणे उघड्यावर कचरा जाळण्याला ५,००० रुपये दंड आहे, मोठ्या प्रमाणावर जाळला तर २५,०००.

प्रश्न : ट्रॅक्टरला फाळ लावून वाळू विंचरली तर काम झटपट होईल ना? (सरपंच, दापोली तालुका)

उत्तर : होईल, पण करू नका. आपल्याकडे ऑलिव्ह रिडले कासवं साधारण नोव्हेंबर ते मार्च अंडी घालतात आणि पिल्लं ४५ ते ६० दिवसांनी बाहेर येतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास, आंजर्ले इथे हे होतंच, पण मार्च २०१८मध्ये मुंबईच्या वर्सोवा किनाऱ्यावरही पिल्लं दिसली होती. चाकाखाली घरटं दबतं. फाळाने मर्यादावेल उपटली जाते आणि वाळू धरून ठेवणारी तीच वेल गेली की पुढच्या उधाणात किनारा कातरतो. शेवाळ, शिंपले, वाहून आलेली लाकडं हा कचरा नाही, तेही तिथेच राहू द्या. पावसाळा संपताच, ऑक्टोबरात, हातानेच वरची रेघ साफ करून घेतलीत तर कासवाच्या मादीला वर चढायला वाट मोकळी मिळते.