लॉन बोल्स खेळणारीला 'गोलंदाज' म्हणावं का?

सहकारनगरच्या एका मैत्रिणीनं विचारलंय की २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या मुलींनी लॉन बोल्सचं गोल्ड आणलं तेव्हा घरात कुणीतरी त्यांना गोलंदाज म्हणालं, ते बरोबर का, आणि नसेल तर मराठीत म्हणायचं काय.

माझं मत, नको. गोलंदाज फारसीतून आलाय, गोल म्हणजे इथे तोफेचा गोळा आणि अंदाज म्हणजे टाकणारा, फेकणारा, तीरंदाजातला अंदाज तोच. म्हणजे मूळचा गोलंदाज हा तोफ डागणारा माणूस. पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार पानसे, शिवाजीनगरात तोफखाना नावाचा भाग आजही आहे, तेव्हा पुणेकराला हा शब्द घरचाच. क्रिकेटला तो फार छान बसला कारण बॉल हवेतून सणसणत येतो.

लॉन बोल्समधे मात्र हवेतून काही जातच नाही, दीडेक किलोचा गोळा खाली वाकून हिरवळीवर अलगद सोडायचा आणि जॅक नावाच्या छोट्या पांढऱ्या बॉलच्या जितका जवळ नेता येईल तितका न्यायचा, त्यात तोफ कुठाय? खरंतर इंग्रजीत बोलिंग म्हणजे आधी हेच, गोळा घरंगळत सोडणं. क्रिकेटमधेही सुरुवातीला बॉल खालूनच टाकायचे, हात खांद्याच्या वर नेऊन टाकायला परवानगी मिळाली ती १८६४ मधे.

अजून एक गंमत म्हणजे लॉन बोल्समधला 'बोल', म्हणजे तो गोळा, आणि आपला 'बॉल' एका कुळातले नाहीत. बोल फ्रेंच बूलवरून, त्याच्या मागे लॅटिन बुला म्हणजे बुडबुडा, आणि बॉल जर्मानिक घरातला. आमटीचा बाऊल तिसराच, म्हणून प्लीज 'लॉन बाऊल्स' लिहू नका. आपण मराठीत सरसकट बॉलिंग म्हणतो, बॉल टाकतात ते बॉलिंग, क्रिकेटपुरतं ते चालून जातं. मॉलमधल्या दहा पिनांच्या खेळाला मात्र बोलिंगच म्हणावं.

मला सगळ्यात आवडतो तो या खेळातला 'बायस'. लॉन बोल्सचा गोळा मुद्दाम असा घडवतात की वेग कमी झाला की तो एका बाजूला वळतो, त्या वळण्याच्या ओढीला बायस म्हणतात, आणि इंग्रजीत मनाचा बायस हा अर्थ या खेळावरूनच रुळला. मराठीत त्याला 'कल' हा शब्द तयारच आहे की! भिंतीचा कल, मनाचा कल, मतमोजणीतले कल, वस्तूला आणि माणसाला एकच शब्द. गोळ्याचा कल कुठल्या बाजूला आहे असं म्हटलं तर कुणालाही कळेल.

तर म्हणायचं असं: बोल सोडला, गोळ्याचा कल ओळखला, जॅकजवळ नेला. खेळणारीला सरळ बोल्सपटू म्हणा. फायनलला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १७-१० नं जिंकलेल्या आपल्या चौघी म्हणजे लव्हली चौबे लीड, पिंकी सेकंड, नयनमोनी सैकिया थर्ड आणि रूपाराणी तिर्की स्किप म्हणजे कर्णधार, ही जागांची नावं इंग्रजीच राहू देत, खेळाडू स्वतः तीच वापरतात. चौघींत प्रत्येकीला दोन बोल, आणि स्किपचे सगळ्यात शेवटी.