फाइलसिस्टमचं स्ट्रक्चर शून्य करून घेतलं, तरी माउंट फसलं की कर्नल का कोसळतो?

तुम्ही लिहिलंय की इंदूरला शेवटच्या वर्षाला आहात आणि प्रकल्पासाठी लिनक्सवर छोटी फाइलसिस्टम लिहिताय. माउंटची (फाइलसिस्टम वापरात आणण्याची) माहिती ठेवणारं स्ट्रक्चर केझॅलॉक या कर्नलच्या मेमरी देणाऱ्या फंक्शनने घेताय, म्हणजे त्यातला बाइट न् बाइट शून्य. डिस्कची चांगली इमेज (फाइलीतली नक्कल) बिनतक्रार माउंट होते, बिघडवलेली दिली की उप्स, म्हणजे कर्नल कोसळल्याचा अहवाल, येतो. मग राहिलं काय, असा तुमचा प्रश्न आहे.

बहुतेक लिस्ट राहिली आहे. कर्नलची दुहेरी लिस्ट रिकामी असते तेव्हा तिचे दोन्ही पॉइंटर स्वतःकडेच वळलेले असतात. शून्य केलेल्या लिस्टमध्ये ते नल (कुठेच न नेणारे शून्य पत्ते) असतात. 'लिस्ट रिकामी आहे का' ही तपासणी पुढचा पॉइंटर डोक्याच्या पत्त्याशी जुळतो का एवढंच बघते. नल काही जुळत नाही, त्यामुळे उत्तर येतं 'रिकामी नाही'. मग तुमचा साफसफाईचा लूप पहिला घटक काढायला जातो आणि नलवर आदळतो. चांगल्या इमेजच्या वेळी तुम्ही लिस्ट पुढे कुठेतरी नीट तयार करत असणार. बिघडलेल्या इमेजच्या वेळी त्या ओळीपर्यंत पोचायच्या आतच बाहेर पडता.

एकेरी डोक्याची हॅश-लिस्ट आणि रेड-ब्लॅक ट्रीचं मूळ मात्र शून्य असलं तरी रीतसर रिकामंच असतं. स्पिनलॉकचं (मोकळं होईपर्यंत थांबवून धरणाऱ्या कुलपाचं) प्रकरण याहून वाईट. एक्स८६ प्रोसेसरवर शून्य म्हणजे 'उघडं कुलूप', त्यामुळे स्पिनलॉक तयार न करताही कोड महिनोन् महिने सुरळीत चालतो. लॉकडेप, म्हणजे कर्नलचं कुलपं तपासणारं साधन, चालू केलं की ते लगेच ओरडतं. वर्कक्यूचं (मागाहून करायच्या कामांच्या रांगेतलं) काम तयार न करता ते रद्द करायला गेलात, तर फंक्शनचा पॉइंटर नल दिसल्यामुळे कर्नल इशारा छापतो. म्हणून प्रत्येक फील्डपाशी स्वतःला विचारा: हे पहिल्यांदा कोण बघणार, आणि त्या क्षणी ते वैध असेल का? लिस्ट, कुलपं, वर्क, टायमर हे सगळं मेमरी मिळाल्याबरोबर, फसू शकणाऱ्या पहिल्या ओळीच्या आधी तयार करून टाका. सुपरब्लॉक, म्हणजे फाइलसिस्टमची मूळ माहिती असलेला ब्लॉक, वाचणं त्यानंतर.

आता साफसफाई कोण करणार ते बघू, कारण दुसरा संशय माझा तिथेच आहे. फिल-सुपरने (माउंट होताना सुपरब्लॉक भरणाऱ्या तुमच्या फंक्शनने) चूक, म्हणजे एरर-कोड, परत केली तरी किल-एसबी (सुपरब्लॉक संपवणारं फंक्शन) बोलावलं जातंच. पुट-सुपर (अनमाउंटच्या वेळचं साफसफाईचं फंक्शन) मात्र मेमरीतल्या सुपरब्लॉकला रूट, म्हणजे मूळ फोल्डर, लागलेलं असेल तरच बोलावलं जातं. हे माहीत नसेल तर दोन गोष्टी होतात. फिल-सुपरमध्ये चूक परत करण्याच्या वाटेवर स्ट्रक्चर मोकळं केलंत आणि किल-एसबीतही केलंत, तर तीच मेमरी दोनदा मोकळी होते. सगळं पुट-सुपरवर सोपवलंत, तर फसलेल्या माउंटमध्ये ती गळते. माझ्या मते स्ट्रक्चर मोकळं करायची जागा एकच असावी, किल-एसबी. फिल-सुपरने फक्त चूक परत करावी. शून्य केल्याचा खरा फायदा इथे होतो: न मिळालेला बफर (डिस्कवरच्या ब्लॉकची मेमरीतली प्रत) किंवा आयनोड (एका फाइलची नोंद) नल असतो, आणि मेमरी, बफर नि आयनोड सोडणारी केफ्री, बीरिलीज, आयपुट ही तिन्ही फंक्शन्स नल निमूट गिळतात. काही लोक केझॅलॉकला नावं ठेवतात, त्याने चुका झाकल्या जातात म्हणतात. माउंटमागे एकदाच घेतल्या जाणाऱ्या स्ट्रक्चरसाठी मला ते पटत नाही.

पण नल न देता एरर-कोडच पॉइंटरच्या वेषात परत करणारी फंक्शन्स आहेत, उदाहरणार्थ कर्नल थ्रेड सुरू करणारं. तो परतावा आधी स्थानिक व्हेरिएबलमध्ये घ्या, तपासा आणि मगच फील्डमध्ये ठेवा. नाहीतर साफसफाई त्या खोट्या पॉइंटरला खरा समजेल. आणखी एक सापळा: मूळ फोल्डरची नोंद बनवणारं डी-मेक-रूट अपयशी ठरलं तर दिलेला आयनोड ते स्वतःच सोडून देतं, तुम्ही पुन्हा आयपुट करू नका.

आयनोडचा स्लॅब कॅश (एकाच आकाराच्या वस्तूंसाठी राखलेला मेमरीचा साठा) वेगळ्या नियमाने चालतो, आणि इथे विद्यार्थी हटकून गोंधळतात. राजेंद्रनगरला माझ्याकडे रविवारी चार-पाच मराठी मुलं कर्नलचा कोड वाचायला येतात, त्यांनाही याच भागावर सगळ्यात जास्त वेळ लागतो. कॅशचा कन्स्ट्रक्टर (वस्तू पहिल्यांदा उभी करणारं फंक्शन) दर आयनोडच्या मेमरी-वाटपाला चालत नाही. स्लॅबची नवी पानं घेतली जातात तेव्हा त्यातल्या वस्तूंवर एकदाच चालतो. मोकळी केलेली वस्तू जशी होती तशी पुढच्याला मिळते. म्हणून लिनक्सची नेहमीची फाइलसिस्टम एक्स्ट४ ऑर्फन-लिस्ट (अर्धवट पुसलेल्या फाइलींची यादी), सेमाफोर (एक प्रकारचं कुलूप) आणि आयनोड-इनिट-वन्स (आयनोडची एकदाच करायची तयारी) कन्स्ट्रक्टरमध्ये ठेवते, आणि राखून ठेवलेल्या ब्लॉकच्या संख्येसारखी फील्ड्स दर वाटपाला शून्य करते. तुमच्या झेंड्यांचं (फ्लॅग्जचं) फील्ड वाटपाच्या वेळी भरलं नाहीत, तर नव्या फाइलला मागच्या फाइलचे झेंडे लागतील. उलट, घाबरून सगळ्यावर मेमसेट मारून शून्य भरलंत तर कन्स्ट्रक्टरने उभं केलेलंच पुसून टाकाल.

आयनोड मेमरीत सापडला नाही की आयगेट-लॉक्ड हे फंक्शन 'नवा' अशी खूण लावून कुलूपबंद आयनोड देतं. तो शोधणारे बाकीचे तेवढा वेळ थांबतात. त्या अवधीत मोड, आकार, ऑपरेशन्सचे तक्ते भरा. डिस्कवरून आलेल्या आकड्यांवर विश्वास न ठेवता ते आधी तपासा, आणि शेवटची ओळ अनलॉक-न्यू-आयनोडची ठेवा. काही चुकलं तर आयगेट-फेल्ड. स्वतःचं स्ट्रक्चर कुलपाशिवाय वाचलं जाणार असेल, तर पॉइंटर आरसीयू-असाइन-पॉइंटरने प्रसिद्ध करा. साध्या लिखाणात एआरएम प्रोसेसरवर दुसऱ्या सीपीयूला पॉइंटर आधी आणि आतला मजकूर नंतर दिसू शकतो.

डिस्कवर जाणाऱ्या ब्लॉकची शेपटीही शून्य करायला विसरू नका. एक्स्ट४मध्येच हे राहून गेलं होतं: एक्स्टेंट ट्रीच्या (फाइलचा मजकूर डिस्कवर कुठे आहे ते सांगणाऱ्या झाडाच्या) ब्लॉकमधला न वापरलेला भाग तसाच डिस्कवर जात होता, म्हणजे कर्नलच्या मेमरीतला कुणाचाही मजकूर फाइलसिस्टममधून वाचता आला असता. २०१९ साली ते सुरक्षा-त्रुटींच्या जाहीर यादीत सीव्हीई-२०१९-११८३३ म्हणून नोंदलं गेलं. इतक्या जुन्या, इतक्या डोळ्यांखालून गेलेल्या कोडमध्ये हे होतं, म्हणून मी केएमसॅन (न भरलेल्या मेमरीचा वापर पकडणारा तपासनीस) चालवायचा आग्रह धरतो. तो ६.१ पासून मूळ कर्नलमध्ये आहे आणि क्लँग कंपायलरने बांधलेला कर्नल मागतो.

आज मात्र सुरुवात केझॅन (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारा तपासनीस) आणि लॉकडेप चालू करून करा. स्लॅबचं पॉयझनिंग (मोकळ्या मेमरीत ठरावीक खूण भरणं) चालू असताना उप्समध्ये ६बी ६बी अशी रांग दिसली तर ती मोकळी केलेली मेमरी आहे. मग कर्नलमध्ये फेलस्लॅब, म्हणजे मेमरी-वाटप मुद्दाम फसवणारी सोय, बांधून घ्या. एक छोटा सी प्रोग्राम लिहा, जो प्रोकमधल्या (चालू प्रोग्रामची माहिती असलेल्या फोल्डरमधल्या) स्वतःच्या फेल-एनथ फाइलीत १ लिहून लगेच माउंट बोलावतो, मग २, मग ३, माउंट यशस्वी होईपर्यंत. दर वेळी त्या क्रमांकाचं वाटप फसतं आणि वाटप फसल्यावरची तुमची प्रत्येक परतीची वाट एकदा तरी चालून होते. फक्त डीबगएफएसमधल्या (कर्नलच्या डीबगिंगसाठीच्या फाइलसिस्टममधल्या) फेलस्लॅबच्या फोल्डरमधलं इग्नोर-जीएफपी-वेट 'एन' करा. मुळात ते 'वाय' असतं, आणि तसं ठेवलंत तर जीएफपी-कर्नलची (मेमरीसाठी थांबू शकणारी नेहमीची) वाटपं, म्हणजे तुमची जवळजवळ सगळीच, फसवली जात नाहीत.