एफडी मोडून सहा महिन्यांचा माल भरून ठेवू का?

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका भाऊंनी विचारलंय. एलईडी लाइट असेंबल करायचं छोटं युनिट आहे, ड्रायव्हर (दिव्याला वीज पुरवणारं सर्किट) आणि चिप चीनवरून येतात, एजंट रोज फोन करून सांगतोय की अमेरिका-चीनचं टॅरिफ वॉर, म्हणजे एकमेकांच्या मालावर आयात कर वाढवायची लढाई, पुन्हा पेटणार, भाव वाढायच्या आत सहा महिन्यांचा माल उचला. त्यासाठी १५ लाखांची एफडी मोडायची का, की बायकोचं सोनं गहाण ठेवायचं?

भाऊ, मोडू नका.

अमेरिका टॅरिफ लावते ते अमेरिकेत उतरणाऱ्या मालावर, तुमचा कंटेनर उतरतो मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरात, तिथली ड्युटी आपलं सरकार ठरवतं. उलट तिकडचा रस्ता बंद झाला की चीनचे कारखानदार तोच माल आपल्याकडे स्वस्तात ढकलायला बघतात. एप्रिल २०२५ मध्ये ट्रम्पतात्यांनी चीनवर १४५ टक्क्यांपर्यंत नेलं, नुसती बोंबाबोंब, अन् मे महिन्यात जिनिव्हात बसून ९० दिवसांसाठी ३० वर आणलं. असल्या माणसाच्या मूडवर तुम्ही घरची एफडी लावणार?

खरी भीती भाव वाढायची नाही, माल न येण्याची आहे. त्याच एप्रिलमध्ये चीनने सात रेअर अर्थ धातूंना (ताकदवान मॅग्नेट बनवायला यातले काही लागतात) निर्यात परवाना लावला आणि आपल्या गाडीवाल्यांना मॅग्नेट मिळेनात, पैसे मोजायची तयारी असूनही. म्हणून तुमच्या यादीत अशी कोणती वस्तू आहे जी एकाच सप्लायरकडून येते ते बघा, बहुतेक ड्रायव्हरमधली आयसीच (करंट सांभाळणारी छोटी चिप) निघेल, तेवढीच दोन महिन्यांची जास्त ठेवा.

आता हिशेब. १५ लाखांच्या मालावर १८ टक्क्यांनी निदान २ लाख ७० हजार आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) पोर्टवरच भरावा लागतो, वर ड्युटी वेगळी. आयजीएसटीचं क्रेडिट, म्हणजे पुढच्या जीएसटीतून वजावट, मिळतं हो, पण माल विकेल तसतसं वापरलं जाणार, आणि चंद्रपूर-अमरावतीचे दुकानदार ९० दिवसांची उधारी मागतात ते तुम्हीच लिहिलंय. तोवर पगार कशातून देणार? माझ्या एका क्लायंटने २०२१ मध्ये कंटेनरचं भाडं आभाळाला भिडलं असताना घाबरून असाच माल भरला होता, परवा गाळ्यावर गेलो तर ९ वॅटच्या ड्रायव्हरचे खोके अजून तसेच, वरची टेप पिवळी पडलेली.

आयसीपुरते पैसे लागले तर एफडीवर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे एफडी न मोडता तिच्यावर बँकेकडून उचल, व्याज साधारण एफडीच्या दरापेक्षा १ टक्का जास्त आणि वापराल तेवढ्यावरच. वहिनींचं सोनं गहाण ठेवायचा विचार तर डोक्यातून काढूनच टाका. आणि हो, त्या एजंटला एकदा विचारा, कमिशन किती टक्के आहे म्हणून.