एएमचे श्रोते, एफएमचे आकडे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : एका स्टेशनचा शेअर ५ टक्के असल्याचे वाचले. म्हणजे शंभर माणसांतले पाच जण ते स्टेशन ऐकतात असे समजायचे का?

उत्तर : नाही. शेअर काढताना सगळी लोकसंख्या धरत नाहीत. त्या वेळी ज्यांचा रेडिओ चालू आहे तेवढीच माणसे धरतात. समजा, मोजणीच्या क्षेत्रात ५ लाख माणसे आहेत. सरासरी पाव तासात त्यांतले ४० हजार कुठले ना कुठले स्टेशन ऐकत असतात आणि २ हजार तुमच्या स्टेशनवर असतात. ४० हजारांत २ हजार म्हणजे शेअर ५ टक्के. रेटिंग मात्र ५ लाखांत २ हजार, म्हणजे जेमतेम ०.४ टक्के. जाहिरात विकणारा पहिला आकडा सांगतो. जाहिरात देणाऱ्याने दुसरा विचारून घ्यावा.

तिसरा आकडा आठवडाभरात एकदा तरी डोकावून गेलेल्या वेगवेगळ्या माणसांचा. अमेरिकेत त्याला क्यूम म्हणतात, ब्रिटनमध्ये रीच. आपल्या उदाहरणात तो ५० हजार धरू. सकाळी ६ ते मध्यरात्र, आठवड्याचे सातही दिवस, म्हणजे १२६ तास किंवा ५०४ पाव तास. २ हजार गुणिले ५०४ भागिले ५० हजार केले की २० येतात. एक श्रोता आठवड्यात सरासरी २० पाव तास, म्हणजे सुमारे ५ तास या स्टेशनवर काढतो.

एएमच्या श्रोत्यांची गळती ओळखायची असेल तर शेअरकडे नंतर बघा, आधी क्यूम बघा. एएमच्या बातम्या-गप्पांच्या स्टेशनावर उरलेले श्रोते जुने आणि चिवट असतात, तासन्‌तास हलत नाहीत. त्यामुळे नवे कान येणे थांबले तरी शेअर बराच काळ तग धरतो. क्यूम आधी घसरायला लागतो आणि शेअरमध्ये ती घसरण दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

प्रश्न : काही स्टेशनांवर जाहिराती तासाला २० आणि ५० मिनिटे झाली की हमखास लागतात. हा योगायोग आहे का?

उत्तर : अजिबात नाही, हा मोजणीच्या नियमाचा परिणाम आहे. अमेरिकन पद्धतीत वर्षानुवर्षे नियम असा आहे की घड्याळाच्या एका पाव तासात किमान ५ मिनिटे ऐकले तर तो अख्खा पाव तास स्टेशनच्या खात्यावर जमा होतो. पाव तास घड्याळाचाच असतो : ८:०० ते ८:१५, ८:१५ ते ८:३० असा.

आता दोन श्रोते घ्या. पहिल्याने ८:०२ ला रेडिओ लावला आणि ८:१४ ला बंद केला. ऐकली १२ मिनिटे, जमा झाला १ पाव तास. दुसऱ्याने ८:०९ ला लावला आणि ८:२१ ला बंद केला. त्यानेही १२ मिनिटेच ऐकली. पण ६ मिनिटे सव्वाआठच्या अलीकडे, ६ पलीकडे. जमा झाले २ पाव तास. म्हणून कार्यक्रम लावणाऱ्याचा सगळा जीव श्रोत्याला पाव तासाची रेघ ओलांडून नेण्यात असतो. रेघेच्या दोन्ही बाजूंना गाणे किंवा रंगात आलेली चर्चा ठेवायची आणि जाहिराती पाव तासाच्या पोटात ढकलायच्या. «पुढे काय झाले ते थोड्याच वेळात» हे वाक्य सव्वा किंवा साडेच्या तोंडावर का येते, तेही यातच आले. अंगावर बाळगायच्या मीटरवरच्या मोजणीत (त्याविषयी पुढच्या उत्तरात) २०२५ पासून अमेरिकेत ५ ऐवजी ३ मिनिटे पुरतात. मोजपट्टीच बदलल्यामुळे त्याच्या आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवून «श्रोते वाढले» म्हणणे चूक ठरेल.

प्रश्न : डायरी आणि मीटर यांत खरी मोजणी कोणती?

उत्तर : दोन्ही खऱ्या, पण दोन्ही एकच गोष्ट मोजत नाहीत. डायरीत माणूस आठवडाभर आपण काय ऐकले ते स्वतः लिहितो. पुष्कळ जण ती नंतर आठवून एकदम भरतात. मग आवडते स्टेशन प्रत्यक्षापेक्षा जास्त लिहिले जाते आणि दुसऱ्याच्या गाडीत दहा मिनिटे कानावर पडलेले स्टेशन राहून जाते.

अमेरिकेत मोठ्या शहरांत २००७ पासून अंगावर बाळगायचा मीटर आला. स्टेशन आपल्या आवाजात कानाला न जाणवणारा संकेत मिसळते आणि मीटर तो ओळखतो. लक्ष देऊन ऐकणे आणि नुसते कानावर पडणे यांतला फरक त्याला कळत नाही. म्हणून डायरीवरून मीटरवर गेले की क्यूम वाढतो आणि प्रत्येकाचा ऐकण्याचा वेळ घटतो. ज्यांचे श्रोते निष्ठेने डायरीत नाव लिहीत, अशा स्टेशनांना हा बदल विशेष झोंबला.

बोलण्याच्या स्टेशनांची आणखी एक अडचण. हा संकेत साधारण १ ते ३ किलोहर्ट्‌झच्या पट्ट्यात असतो आणि तिथल्या आवाजाच्या आडोशाने लपतो. भरगच्च वाद्यमेळ असला की आडोसा भरपूर. एकटा माणूस संथ बोलतोय, मध्ये थांबतोय, तर लपायला जागा नाही आणि संकेत दुबळा पडतो. हा संकेत जोरकस करणारे यंत्र बाजारात आले तेव्हा त्यावरून वादही झाला.

प्रश्न : आमचे एएम स्टेशन आता तोच कार्यक्रम छोट्या एफएम ट्रान्समीटरवरूनही देते. दोन्हीकडचे श्रोते एकत्र मोजले जातात का?

उत्तर : अमेरिकन नियमांपुरते सांगायचे तर, दोन्ही लहरींवर कार्यक्रम आणि जाहिरातींसकट शंभर टक्के तेच जात असेल तर एकत्र आकडा मागता येतो. एका लहरीवर वेगळी जाहिरात लावली की एकत्र मोजणी गेली. आणि छोट्या एफएमकडून फार अपेक्षा ठेवू नका. अमेरिकेत अशा पूरक एफएमला २५० वॉटपर्यंतच शक्ती मिळते. शहराच्या मध्यभागी आवाज स्वच्छ येतो, पण एएम जिथवर पोचत होते त्या कडेच्या भागात एफएम ऐकू येत नाही. जुन्या लहरीचा उल्लेख जाहीर घोषणेतून काढून टाकणे ही नेहमीची चूक. कडेचा श्रोता तेवढ्यानेच तुटतो.

प्रश्न : एफएमचा आवाज चांगला म्हणून लोक तिकडे गेले, एवढेच ना?

उत्तर : एवढेच असते तर हे स्थलांतर चाळीस वर्षे रखडले नसते. अमेरिकन संशोधक एडविन आर्मस्ट्राँग यांना रुंद पट्ट्याच्या एफएमचे पेटंट १९३३ साली मिळाले. १९४५ मध्ये अमेरिकन सरकारने एफएमचा पट्टा ४२ ते ५० मेगाहर्ट्‌झवरून ८८ ते १०८ वर हलवला आणि घरोघरचे जुने एफएम संच निकामी ठरले. १९६१ मध्ये स्टिरिओची पद्धत ठरली. तरी बहुतेक एफएम स्टेशने एएमचाच कार्यक्रम जसाच्या तसा वाजवत होती, मग वेगळा संच घ्यायचा कशाला? साठच्या दशकात मोठ्या शहरांत ही नक्कल अर्ध्या वेळापुरती मर्यादित करणारा नियम आला आणि एफएमला स्वतःचे काही वाजवणे भाग पडले. लांबलचक गाणी आणि कमी बडबड ही एफएमची ओळख त्या सक्तीतून झाली. एफएमच्या श्रोत्यांनी एएमला मागे टाकले ते सत्तरच्या दशकाच्या शेवटी.

एएमनेही हात दाखवून अवलक्षण केले. १९८२ मध्ये एएम स्टिरिओला परवानगी मिळाली, पण पद्धत कोणती हे बाजारावर सोडले. एकमेकींशी न जुळणाऱ्या पद्धती भांडत बसल्या आणि एक प्रमाण ठरेपर्यंत १९९३ उजाडले. शिवाय संच बनवणाऱ्यांनी खर्च आणि खरखर टाळण्यासाठी एएमचा पट्टा इतका आवळला की बऱ्याच संचांत आवाजातले ४ किलोहर्ट्‌झच्या वरचे सूर उरतच नाहीत. एफएममध्ये ते १५ पर्यंत मिळतात. एएमचा आवाज घोंगडीआडून येतोसा वाटतो, त्यात ट्रान्समीटरपेक्षा तुमच्या संचाचा दोष जास्त.

प्रश्न : घरात एएमवर नुसती खरखर येते. अंगणात तोच रेडिओ ठीक वाजतो. उपाय?

उत्तर : खरखर घरातच तयार होते आहे. मोबाइलचे चार्जर, एलईडी दिवे, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, सगळे वीज झटपट चालू-बंद करून काम भागवतात. एएममध्ये कार्यक्रम लहरीच्या उंचीतल्या चढउतारावर बसलेला असतो आणि ही घाणही उंचीच बिघडवते, त्यामुळे संच दोहोंत भेद करू शकत नाही. एफएमचा संच उंची छाटूनच टाकतो.

चोर असा पकडा. रेडिओ बॅटरीवर चालवा आणि दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी लावा. घराचा मेन स्विच बंद करा. खरखर थांबली तर उगम तुमच्याच घरात, नाही तर शेजारी किंवा बाहेरच्या तारांवर. मग सगळे प्लग काढून मेन पुन्हा चालू करा आणि एकेक वस्तू जोडत जा. डायलवर ठरावीक अंतराने शिटी येत असेल, उदाहरणार्थ ५८५, ६५०, ७१५ किलोहर्ट्‌झवर, तर ती ६५ किलोहर्ट्‌झवर चालणाऱ्या एखाद्या चार्जरच्या पटी आहेत. तो चार्जर बदलणे हाच सर्वांत सोपा इलाज.

बदलता येत नसेल तर तारेवर फेराइट, म्हणजे खरखर अडवणारे काळे कडे, चढवा, पण तार एकदाच आरपार काढून फारसा फरक पडत नाही. बाजारातल्या बऱ्याच चिमटा-फेराइटचा माल एफएमच्या आसपासच्या लहरींसाठी असतो. एएमसाठी कमी लहरींचा माल, सहसा ३१ क्रमांकाचा, घ्या आणि मोठ्या कड्यातून तार ८ ते १० वेळा गुंडाळा. अडवणूक वेढ्यांच्या वर्गाने वाढते. १० वेढे म्हणजे जवळपास शंभरपट.

आणि रेडिओ फिरवून बघा! आतली फेराइट कांडी, म्हणजे एएमचे एरियल, ज्या दिशेला टोक करते त्या दिशेकडून तिला जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. टोक खरखरीकडे वळवले की ती दबते. ही युक्ती फुकटात होते आणि लोक तीच करत नाहीत.

प्रश्न : एफएम स्टिरिओवर सूं असा आवाज येतो, मोनोवर नाही.

उत्तर : लहर कमजोर आहे. स्टिरिओचा जादा भाग ३८ किलोहर्ट्‌झभोवती बसवलेला असतो आणि तिथे एफएमची सूं सर्वांत जास्त. एरियल ७५ सेंटिमीटर, म्हणजे १०० मेगाहर्ट्‌झच्या लहरीच्या पाव लांबीएवढी ओढा, खिडकीजवळ जा. नाहीच जमले तर मोनोवर ऐका, कमजोर स्टेशन ऐकायला तेच शहाणपणाचे.

प्रश्न : मागच्या मोजणीत आमच्या स्टेशनचा शेअर ५.० होता, आता ४.२ आला. कार्यक्रम बदलायला निघालो आहोत. बरोबर आहे का?

उत्तर : आधी नमुना किती माणसांचा ते विचारा. ऐकणारे ४०० असतील तर ५ टक्क्यांच्या आकड्यात वरखाली सुमारे २.१ टक्क्यांची चूक निव्वळ योगायोगाने येऊ शकते. खरा शेअर २.९ ते ७.१ मध्ये कुठेही असेल. दोन मोजण्यांची तुलना करताना दोन्हीकडच्या चुका एकत्र येतात. तेव्हा फरक ३ टक्क्यांच्या आत असेल तर त्याला घसरण म्हणता येत नाही, आणि तुमचा ०.८ आहे. एका वयोगटाचा आकडा बघत असाल तर नमुना आणखी लहान, कधी ४०-५० जणांचा. तिथे एका घरातल्या दोन डायऱ्यांनी चित्र उलटते. सलग चार मोजण्यांची सरासरी काढा, क्यूम वेगळा लिहून ठेवा. चारही वेळा क्यूम खाली येत असेल तर कार्यक्रमाला हात लावा.